साक्षीचा डोह आणि सात तळी

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा डोंगर आजच्यापेक्षा हातभर उंच होते. माणसं मात्र आज आहेत तेवढ्याच उंचीची होती.

एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. डोंगरावर कपारीतून एक झरा फुटायचा. त्याचा ओढा व्हायचा. ओढा गावाजवळ येऊन एका खोल डोहात थांबायचा, दम खायचा आणि मग खाली जाऊन नदीला मिळायचा. डोहाचं पाणी इतकं गार होतं, की भर वैशाखात त्यात पाय सोडून बसलेल्या माणसाला शिंका यायच्या. एकाला अशी शिंक आली की तो पलीकडच्या काठावर जाऊन पडला, असं लोक म्हणतात. मी म्हणत नाही.

या डोहात खडस मासे राहायचे. हातभर लांब, सोनेरी, पिंपळपानाएवढ्या खवल्यांचे. त्यांना कोणी मारत नसे, कारण ते गावाचे न्यायाधीश होते.

रीत अशी होती. दोघांचं भांडण झालं की दोघांनी डोहावर यायचं. आपलं म्हणणं मोठ्याने सांगायचं आणि भाताचा एक मुटका पाण्यावर सोडायचा. मासा वर येऊन मुटका घेऊन गेला, की माणूस खरा. मुटका तसाच विरघळला, की खोटा. काही म्हणत, हे मासे देवाचे आहेत. काही म्हणत, खोट्या माणसाचा हात थरथरतो आणि मासा थरथरीला बुजतो. कारण काहीही असो, गावात खोटं जपून बोललं जाई.

गावात आणखी एक रीत होती, आणि घोटाळा झाला तो तिथे.

गावात सात मोठी घराणी होती. घरातल्या कर्त्या पुरुषाला साठ वर्षं पूर्ण झाली, की मुलांनी त्याच्या नावाने एक तळं बांधायचं. तळं बांधणं पुण्याचं काम, त्याबद्दल कोणाचा वाद नाही. पण पहिल्या घराण्याने ते ओढ्याच्या बाजूला न खणता ओढ्यातच बांधलं. आडवा बांध घातला, मागची जागा रुंद केली, आणि पाणी आपोआप भरलं. बाजूला खणलं असतं तर पाणी आणायला पाट काढावा लागला असता, आणि पुण्य शक्यतो कमी घामात व्हावं असं सगळ्यांनाच वाटतं.

दुसऱ्या घराण्याने त्याच्या खाली आणखी मोठं तळं बांधलं. तिसऱ्याने त्याहून मोठं. सातवं तळं डोहाच्या अगदी डोक्यावर होतं, आणि त्याच्या घाटाला इतक्या पायऱ्या होत्या की जेवून उतरायला लागलेला माणूस तळाशी पोचेपर्यंत त्याला परत भूक लागायची.

तळी देखणी होती. त्यांत कमळं होती, काठाला दगडी हत्ती होते. बिघडला तो ओढा. लग्नाचं बोलावणं करायला निघालेल्या माणसाला प्रत्येक घरी पान-सुपारीसाठी थांबवावं, तसा तो सात ठिकाणी थांबत, उन्हात तापत, कंटाळत खाली यायचा. डोहात पोचेपर्यंत पाणी कोमट, हिरवं आणि आळशी झालेलं असायचं. तळाला गाळ साचला.

आणि एक दिवस डोहात मासे नव्हते. कोणत्या दिवशी गेले, ते कोणाच्या लक्षात आलं नाही. भांडण झालं तेव्हा कळलं.

एका म्हशीवर दोघांनी हक्क सांगितला होता. दोघांनी मुटके सोडले. दोघांचेही विरघळले. पंचांनी बराच विचार केला आणि सांगितलं, की मासे येईपर्यंत निकाल राखून ठेवला आहे. तेव्हापासून एक जण सकाळी म्हशीची धार काढायचा आणि दुसरा संध्याकाळी. चारा मात्र कोणीच घालत नव्हतं. चारा घालायचा मालकाने, आणि मालक कोण ते राखून ठेवलेलं होतं.

मग असे निकाल साचत गेले. एका घरचे म्हणत लग्न ठरलंय, दुसऱ्या घरचे म्हणत ठरलेलं नाही. नवरदेव बाशिंग बांधून बसला तो बसलाच. त्याच्या मिशा बाशिंगाच्या झिरमिळ्यांत गुंतल्या, तरी निकाल राखूनच होता. खोटं बोलणाऱ्यांना सुगीचे दिवस आले. त्यांना कोणी खोटं म्हणू शकत नव्हतं. खऱ्यांचं मात्र अडलं, कारण त्यांना कोणी खरंही म्हणू शकत नव्हतं.

अशा अडलेल्यांत एक पाथरवटाची बायको होती. नवरा दगड घडवायचा आणि ही घरोघर जाऊन जात्यांना टाकी लावायची. दळून दळून जात्याचे दगड गुळगुळीत होतात, मग छिन्नीने ठोकून ते पुन्हा खरबरीत करावे लागतात. तिचा हात त्यात असा बसलेला होता, की नुसत्या आवाजावरून ती सांगायची, या जात्यात बाजरी दळतात आणि दळताना भांडतात.

एक दिवस ती पाटलांच्या घरी टाकी लावून आली, आणि त्याच संध्याकाळी पाटलीणबाईंची नथ सापडेना. त्या दिवशी घरात आलेलं बाहेरचं माणूस ती एकटीच. बोटं तिच्याकडे वळली.

ती डोहावर गेली. म्हणाली, नथ मी घेतली नाही, पाहिलीही नाही. मुटका सोडला. हिरव्या पाण्यावर तो तरंगत राहिला, फुगला, आणि शेवटी त्यावर एक बेडूक येऊन बसला. पंचांनी आपापसांत चर्चा केली आणि बेडकाची साक्ष चालत नाही असं ठरवलं. निकाल राखून.

निकाल राखलेल्या माणसाने दुसऱ्याचा उंबरा चढायचा नाही आणि गावाची शीव ओलांडायची नाही, असा नियम होता. तिचं काम बंद झालं. गावातली जाती गुळगुळीत झाली, पीठ भरड यायला लागलं, आणि थापताना भाकरीला कडेने चिरा पडायला लागल्या. तेवढं तिने सोसलं असतं, गावानेही सोसलं असतं. पण डोंगरापलीकडच्या गावी तिची म्हातारी आई अंथरुणाला खिळली होती. तिचा निरोप आला, की एकदा येऊन तोंड दाखवून जा.

बाई पाटलांकडे गेली आणि उंबऱ्याबाहेर उभी राहिली. पाटील वाईट माणूस नव्हता. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

“सूनबाई,” पाटील म्हणाले, “माझ्या मनात काही नाही. पण रीत आहे. मासे येऊ देत, तुला खरी म्हणू देत, मी स्वतः बैलगाडी जोडून देतो.”

“मासे कधी येतील, पाटीलबाबा?”

“ते माशांना माहीत.”

तेव्हापासून ती रोज सकाळी मुटका घेऊन डोहावर बसायला लागली. मासे गेल्यापासून तिथे येऊन बसणारं कोणी उरलं नव्हतं, एक बगळा सोडून. तो एका पायावर उभा असायचा आणि उपाशी राहून इतका वाळला होता की त्याची सावली पाण्यात पडत नव्हती.

चौथ्या दिवशी बाईने अर्धा मुटका त्याच्यापुढे ठेवला आणि विचारलं, “बगळोबा, तुम्ही कोणाची वाट बघताय?”

“तू ज्यांची बघतेस त्यांचीच,” बगळा म्हणाला. “तुला ते साक्षीला हवेत, मला जेवायला. एवढाच काय तो फरक.”

बगळ्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवू नये, हे सगळ्यांना लहानपणीच सांगितलेलं असतं. बाईलाही सांगितलेलं होतं. पण तिने विचार केला, की जो स्वतःचा स्वार्थ आधीच सांगून मोकळा होतो, तो पुढचं खरं बोलत असेल. तिने विचारलं, मासे मेले का.

मेले नाहीत, बगळा म्हणाला. खाली नदीत आहेत. दर आषाढात भरल्या पोटाच्या माद्या ओढ्याने वर येतात. डोह हे त्यांचं सासर, पण बाळंतपण माहेरी. वर झऱ्याखाली गोल गोट्यांचा उथळ पट्टा आहे. तिथलं पाणी गार असतं, सारखं पळतं, आणि गोट्यांच्या फटींत अंडी नीट राहतात. तिथे जायचं, पोरं होऊ द्यायची, आणि ओढा उतरायच्या आत डोहात परतायचं, हे त्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं.

“आता येतात,” बगळा म्हणाला, “सातव्या तळ्याच्या बांधावर नाक आपटतात. दोन दिवस थांबतात. आणि माहेरची वाट बंद आहे असं समजून परत नदीला जातात. तिथे अंडी घालतात, ती वाहून जातात. मी पाहतो. मला तर त्यांची दया येते, आणि मी बगळा आहे.”

माहेरची वाट बंद होणं म्हणजे काय, हे तिला बगळ्याकडून शिकायचं नव्हतं.

त्याच दिवशी तिने पंचांपुढे सगळं सांगितलं. बगळ्याचं नाव तेवढं घेतलं नाही. ऐकून सातही घराण्यांचे लोक उठून उभे राहिले. त्यांना वाटलं, ही बांध फोडा म्हणतेय. कोणी म्हणालं आमच्या आजोबांचं नाव आहे त्या तळ्याला. कोणी म्हणालं, पुण्य फोडायचं का. सातव्या घराण्याचे कारभारी म्हणाले, त्यापेक्षा माशांनाच दुसरा ओढा बघायला सांगा.

सगळे बोलून थकेपर्यंत बाई थांबली. मग म्हणाली, तळी तुमची आहेत, ती तुमच्याकडे राहू देत. मी ओढा तेवढा बाहेर काढते. झऱ्यापासून डोंगराच्या कडेकडेने नवी वाट कोरून सातही तळ्यांच्या बाजूने तो थेट डोहात आणते. झऱ्याच्या तोंडाशी असा दगड बसवते की पावसाळ्यात ओढा फुगला की वरचं जास्तीचं पाणी तळ्यांत जाईल, आणि एरवी गार पाणी आपल्या वाटेने जाईल. उन्हाळ्यात तळी चारदोन पायऱ्या उतरतील, हे खरं. पण ओढ्याबरोबर येणारा गाळही येणार नाही.

गाळाचं नाव निघताच सगळे खाली बसले.

कारण दर चैत्रात सातही घराण्यांना आपापल्या तळ्यातला गाळ काढावा लागे, आणि दर चैत्रात भांडण होई. सातवा म्हणायचा हा गाळ सहाव्याकडून आला, सहावा म्हणायचा पाचव्याकडून, आणि पहिला डोंगराकडे बोट दाखवायचा. हेही भांडण माशांसाठी राखून ठेवलेलं होतं. आता सात जणांच्या मनात एकच विचार आला, की मासे आले तर ते माझ्याच बाजूने निकाल देतील. आपण खरे आहोत याची सातही जणांना मनापासून खात्री होती. माणूस एवढ्या एका बाबतीत लहान बाळासारखा असतो.

पाटलांनी परवानगी दिली. अट एवढीच, की कोणाच्या तळ्याला धक्का लागू नये, आणि गावातून मजूर मागू नयेत.

कार्तिकात बाई आणि तिचा नवरा झऱ्यापाशी गेले आणि पहिला घाव घातला. नवरा फार कमी बोलायचा. वर्षाला त्याची तीन वाक्यं व्हायची, त्यातलं एक पोळ्याला बैलाशी. जी टाकी ती जात्यांना लावायची, तीच आता तिने डोंगराला लावली. महिनाभरात पन्नास हात वाट झाली. नवऱ्याने मागे पाहिलं, पुढे पाहिलं, आणि वर्षातलं पहिलं वाक्य खर्च केलं.

“सात वर्षं लागतील.”

आईकडे सात वर्षं नव्हती. बाई पाणवठ्यावर गेली. तिथे एक काकू होती. तिला गुपित सांगितलं की ते सुरक्षित राहावं म्हणून ती घरोघर थोडं थोडं ठेवून यायची. बाईने तिला एका बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाली, “काकू, लोक काय वाट्टेल ते बोलतात. म्हणे ज्याच्या तळ्यापाशी हे काम रेंगाळेल, त्याला मासे यायला नको आहेत. काहीतरी लपवायचं असल्याशिवाय माशांना कोण घाबरेल? मी नाही हो म्हणत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सातही तळ्यांच्या कडेला माणसं कुदळ-फावडी घेऊन हजर होती. तिसऱ्या घराण्याचे आजोबा तर पंचाऐंशी वर्षांचे, ते खाट टाकून तिथेच बसले, म्हणजे कोणाला संशय नको.

माणसं कामाला वाघ होती, पण त्यांना सरळ रेघ फार आवडायची. त्यांनी रस्त्यासारखी रुंद, सरळ वाट खणायला घेतली. बाईने ती बुजवायला लावली. म्हणाली, मासा म्हणजे बैलगाडी नव्हे. त्याला वळण लागतं, दम खायला जागा लागते. तिने वाटेत ठिकठिकाणी मोठे धोंडे ठेवले, म्हणजे त्यांच्या आड पाणी शांत राहील. तळाला गोटे पसरले. काठाने करंज आणि उंबर लावले. आज लावलेली सावली आज मिळत नाही, म्हणून तोवर वेलींचे मांडव घातले. कोणी विचारलं, हे सगळं तुला कोणी शिकवलं, तर ती म्हणायची, एका जाणकाराने. जाणकार जवळच एका पायावर उभा असायचा.

फाल्गुनात बाईने झऱ्याच्या तोंडाशी उंबऱ्यासारखा तो दगड बसवला आणि ओढा नव्या वाटेला लागला. सात मुक्कामांची सवय झालेला तो. पहिल्या वळणावर थांबला आणि पान-सुपारीची वाट बघू लागला. कोणी काही देईना, तेव्हा निघाला. दुसऱ्या वळणावर त्याला जरा वेग आला. चौथ्या तळ्याच्या बाजूने जाताना तो आवाज करायला लागला, आणि तो आवाज ऐकून गावातले म्हातारे घराबाहेर येऊन उभे राहिले. हा आवाज त्यांनी लहानपणी ऐकला होता आणि मग विसरलेही होते.

तळी दोन-तीन पायऱ्या उतरली. कमळांनी काही तक्रार केली नाही. डोह हळूहळू निवळला. वैशाखात काठावर बसलेल्या एकाला शिंक आली, तेव्हा पंचांनी ती गंभीरपणे नोंदवून घेतली.

मग आषाढ आला. नदी चढली. ज्या दिवशी मासे वर येणार असा अंदाज होता, त्या दिवशी गावात एकही चूल भाताशिवाय पेटली नाही. सगळं गाव मुटके घेऊन डोहावर जमलं. म्हशीचे दोन्ही मालक आले, मध्ये म्हैसही आली. बाशिंगातला नवरदेव आला. सात घराण्यांचे सात कारभारी गाळाचं भांडण घेऊन आले. पहिला मान बाईचा, हे मात्र कोणी नाकारलं नाही. तिने कंबरेला शिदोरीचं गाठोडं बांधलं होतं. साक्ष मिळाली की तशीच माहेरी निघायचं, असं तिने ठरवलं होतं.

मासे आले. आधी पाण्याखाली एक सोनेरी सावली दिसली, मग दहा, मग मोजता येईनात. सगळ्या माद्या होत्या, पोटं जड, डोळे पुढे लागलेले.

बाई म्हणाली, “नथ मी घेतली नाही, पाहिलीही नाही.” आणि तिने मुटका सोडला. तिचा हात थरथरला नाही.

पहिली मादी मुटक्याखालून गेली. दुसरी त्याच्या अगदी कडेने गेली. शंभरावी गेली. कोणी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. मुटका फुगला, फुटला आणि विरघळला.

मग मागून कोणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, “म्हणजे खोटीच.” बाईने गाठोड्यावर हात ठेवला आणि ती पाण्याकडे बघत राहिली.

पण मासे आलेच होते, तर आपलं काम उरकून घ्यावं असं गावाला वाटलं. म्हशीच्या एका मालकाने मुटका सोडला. विरघळला. तो चटकन बाजूला झाला आणि दुसरा हसत पुढे आला. त्याचाही विरघळला. दोघांनी म्हशीकडे पाहिलं. नवरदेवाकडच्यांनी सोडला, नवरीकडच्यांनी सोडला. सात कारभाऱ्यांनी ओळीने सोडले. पाटलांनी सोडला, पाटलीणबाईंनी सोडला. दुपारपर्यंत डोहावर इतका भात तरंगत होता की कोणाचंतरी गावजेवण पाण्यात पडलंय असं वाटावं. एकाही माशाने एक शीत खाल्लं नाही. मासे सरळ डोह ओलांडून नव्या वाटेने वर निघाले.

गावही त्यांच्यामागे वर निघालं. पाचव्या तळ्यापाशी मासे अडले. तिथे वाटेत गुडघाभर उंचीची एक शिळा आडवी उभी होती. पाचव्या घराण्याच्या कारभाऱ्यांनी ती आठ दिवसांपूर्वी गुपचूप बसवून घेतली होती. ओढा आता आपल्या तळ्यात येत नाही, निदान आजोबांच्या नावावरून तरी जावा, म्हणून तिच्यावर आजोबांचं नाव कोरलं होतं. मासे उड्या मारत होते आणि नावावर आपटून खाली पडत होते.

कारभारी शिळेजवळ उभे होते. त्यांनाही ते बघवत नव्हतं.

“माझ्या आजोबांचं नाव आहे, बाई,” ते म्हणाले. “काढली तर त्यांना काय वाटेल?”

“ते कळायला साक्षीदार हवेत ना, अण्णा?” बाई म्हणाली. “साक्षीदार हे इथे खाली पडताहेत.”

कारभाऱ्यांनी आणखी दोन उड्या पाहिल्या. मग कोणाच्या तरी हातातली पहार घेतली आणि शिळा स्वतः उलटवली. मासे तिच्यावरून वर गेले, चौथं तळं, तिसरं तळं मागे टाकलं, आणि संध्याकाळच्या आत झऱ्याखालच्या गोट्यांत जाऊन पोचले. तिथे पाणी जेमतेम वीतभर होतं. त्यांच्या पाठी पाण्याबाहेर आल्या आणि त्यांवर ऊन चमकलं.

पंच मात्र डोकं धरून बसले. थोरल्या पंचांनी विचारलं, आता गावात सगळेच खोटे धरायचे की काय.

तेव्हा पाथरवटाने घसा साफ केला. सगळ्यांनी वळून पाहिलं, कारण त्याचा घसा साफ करण्याचा आवाजही गावाला नवा होता.

“बाळंतपणाला माहेरी निघालेली बाई,” तो म्हणाला, “वाटेत थांबून कोणाची भांडणं सोडवते का?”

हे त्याचं वर्षातलं दुसरं वाक्य.

बाईने ओढ्यात हात-पाय धुतले. गाठोडं कंबरेला पुन्हा घट्ट बांधलं आणि डोंगरावरच्या शिवेच्या दगडाकडे चालू लागली. पाटील चार पावलं तिच्यामागे गेले.

“सूनबाई, निकाल अजून लागलेला नाही.”

“नाही लागला, पाटीलबाबा,” ती थांबून म्हणाली. “पण मला अडवायचं तर अडवणारा आधी खरा ठरलेला हवा. इथे कोणाचा मुटका खाल्ला माशांनी?”

पाटलांनी मागे वळून गावाकडे पाहिलं. गाव आपापल्या पायांकडे पाहत होतं. मग पाटील वाटेतून बाजूला झाले, आणि कोणी सांगितलं नसताना त्यांनी डोक्यावरचं पागोटंही काढलं. बाईने शीव ओलांडली.

पुढचं थोडक्यात सांगतो. भाद्रपदात मासे पोरांसह डोहात परतले आणि राहिले. तेव्हा भुकेले होते, त्यांनी खऱ्यांचाही भात खाल्ला आणि खोट्यांचाही, त्यामुळे माशांचा न्याय तिथेच संपला. मग पंचांना भांडणं ऐकून घ्यावी लागली, विचारावं लागलं, डोळ्यांनी बघावं लागलं. त्यांना ते जड गेलं, पण जमलं. म्हैस कोणाची ते पहिल्याच दिवशी कळलं. दोन्ही मालकांना दोन दिशांना उभं केलं, आणि म्हैस तिसऱ्याच माणसाकडे गेली. त्याने तिला चोरून चारा घातला होता. नथ कोणी घेतली, ते कधीच कळलं नाही. गोष्ट सांगणाऱ्याला सगळं माहीत असतं असं नाही. गावात त्यानंतरही तळी बांधली गेली, पण ओढ्याच्या बाजूला खणून, घाम गाळून. बगळा धष्टपुष्ट झाला आणि माशांची दया येते, असं परत कधी म्हणाला नाही.

आणि बाई दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आत माहेरी पोचली. आई जागी होती. तिने लेकीचा दगड फोडून खरबरीत झालेला हात हातात घेतला आणि विचारलं, “एवढा उशीर का गं केलास?”

“वाट अडली होती, आई,” लेक म्हणाली. “मोकळी करून आले.”

ज्याची वाट आपण अडवली, त्याची वाट आधी सोडावी. साक्ष मागायची ती त्यानंतर.